एससीसीएम सर्व्हरवर ट्रेसिंग लावताना: आधी लॉगची साइज, मग व्हर्बोज

एससीसीएम किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर म्हणजे कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आणि अपडेट पाठवायचं मायक्रोसॉफ्टचं प्रॉडक्ट, आणि ट्रेसिंग म्हणजे त्याचा प्रत्येक भाग (कंपोनंट) काय करतोय ते लॉग फाइलमध्ये लिहिणं. पॅकेज दोन दिवस 'इन प्रोग्रेस'वर अडकलंय, डिस्टमॅनेजरचा (पॅकेज वाटणारा कंपोनंट, डिस्ट्रिब्युशन मॅनेजर) लॉग उघडला तर त्यात मागच्या पाऊण तासाचंच काहीतरी दिसतंय आणि खरा गोंधळ ज्या रात्री झाला तो भाग कधीच उडून गेलाय, ही तक्रार कॉन्फिगरेशन मॅनेजर सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची असते. मग घाईत कोणीतरी सांगतं की व्हर्बोज (सगळ्यात तपशीलवार लॉगिंग) ऑन कर, एसक्यूएल ट्रेसिंग (डेटाबेसच्या क्वेरी लॉगमध्ये लिहिणं) पण ऑन कर, ते केलं की तोच लॉग अजून पटापट भरतो आणि पाऊण तासाचं होतं ते आता पाच मिनिटांचंच राहतं, म्हणजे माहिती वाढली पण हवी ती मिळायची शक्यता उलट कमी झाली. म्हणून या सगळ्या लिखाणात मी एकच गोष्ट परत परत सांगणार आहे, ट्रेसिंगला हात लावायच्या आधी फाइलची साइज वाढवा, मग लेव्हल (लॉग किती तपशील लिहितो ते), आणि ते पण सगळीकडे नाही, ज्या एकदोन कंपोनंटवर संशय आहे तेवढ्यांवरच.

नावाबद्दल थोडं आधीच सांगतो कारण पुढे रजिस्ट्रीत त्याचा संबंध येतो. हे प्रॉडक्ट १९९४ मध्ये सिस्टम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणून आलं, त्याचं शेवटचं मोठं व्हर्जन एसएमएस २००३, नंतर नाव बदलून कॉन्फिगरेशन मॅनेजर २००७, मग २०१२, मग २०१५ च्या शेवटी करंट ब्रांच सुरू झाली, आणि आता नुसतं मायक्रोसॉफ्ट कॉन्फिगरेशन मॅनेजर. लोक मात्र अजून एससीसीएमच म्हणतात आणि आतमध्ये तर सगळं जुनंच आहे, सर्व्हिसचं नाव एसएमएस एक्झिक्युटिव्ह, रजिस्ट्रीत की एसएमएसची, क्लायंटची (प्रत्येक मशिनवरच्या एजंटची) सर्व्हिस एसएमएस एजंट होस्ट. त्यामुळे रजिस्ट्रीत कॉन्फिगरेशन मॅनेजर नावाने शोधत बसू नका, एसएमएस आणि सीसीएम या दोनच नावांखाली जवळजवळ सगळं सापडतं.

कुठला लॉग कुठे

साइट सर्व्हरवर (मुख्य सर्व्हर) जिथे इन्स्टॉल केलंय त्या फोल्डरमध्ये लॉग्ज नावाचा फोल्डर असतो, सर्व्हरच्या कंपोनंटचे लॉग तिथे. क्लायंटचे लॉग सी ड्राइव्हवर विंडोज\सीसीएम\लॉग्ज मध्ये. मॅनेजमेंट पॉइंटचे (क्लायंट ज्याच्याशी बोलतात तो सर्व्हर) बहुतेक वेळा एसएमएस अंडरस्कोर सीसीएम नावाच्या फोल्डरच्या आत लॉग्जमध्ये, पण त्या मशिनवर क्लायंट आधीपासून असेल तर क्लायंटच्याच फोल्डरमध्ये मिळतात, म्हणून एका जागी नाही दिसले तर दुसरी जागा बघायची. दूरच्या डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर (जिथून क्लायंट पॅकेजच्या फायली घेतात तो सर्व्हर) एसएमएस-डीपी-डॉलर शेअरमध्ये एसएमएस\लॉग्ज, तिथे एसएमएस डीपी प्रोव्हायडरचा लॉग असतो, आणि हा लॉग बघायचा बरेच जण विसरतात कारण तो साइट सर्व्हरवर नसतोच.

फाइल भरली की काय होतं हे माहीत असायला हवं. सर्व्हर कंपोनंटचा लॉग बाय डिफॉल्ट २ एमबीचा असतो, तो भरला की त्याचं एक्स्टेन्शन लॉगच्या जागी एल-ओ-अंडरस्कोर होतं आणि नवीन रिकामी फाइल सुरू होते, परत भरली की आधीची जुनी जाते. म्हणजे तुमच्या हातात कोणत्याही वेळी जास्तीत जास्त ४ एमबीचा इतिहास. निवांत साइटवर एखाद्या कंपोनंटला तेवढं आठवडाभर पुरतं, पण दहावीस हजार क्लायंटच्या साइटवर इन्व्हेंटरी लोडर किंवा एसएमएस प्रोव्हायडरच्या (कन्सोल आणि डेटाबेस यांच्या मधला भाग) लॉगला सकाळची कन्सोल उघडायची गर्दी पण पुरत नाही.

सर्व्हिस मॅनेजरमधून साइज वाढवणे

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित, रजिस्ट्रीला हात लावायची गरज नाही. कन्सोलमध्ये मॉनिटरिंग, मग सिस्टम स्टेटस, मग कंपोनंट स्टेटस. कुठलाही एक कंपोनंट निवडा, वरच्या रिबनवर स्टार्ट आहे त्यात कॉन्फिगरेशन मॅनेजर सर्व्हिस मॅनेजर. नवीन विंडो उघडते, डावीकडे साइट कोड उघडा, त्यात कंपोनंट्स. आता यादीत हवा तो कंपोनंट निवडून राइट क्लिक, लॉगिंग. जी छोटी खिडकी येते तिथे लॉगिंग एनेबल्ड ला टिक आहे ना ते बघा, फाइलचा पाथ दिसेल, आणि खाली साइज एमबीमध्ये. २ च्या जागी २० किंवा ५० टाका, ओके.

इथे एक चेकबॉक्स आहे, सगळ्या निवडलेल्या कंपोनंटसाठी एकच फाइल वापरा असा त्याचा अर्थ. ते करू नका. ऐकायला छान वाटतं की सगळं एकत्र एका फाइलमध्ये, पण मग ती फाइल कुणालाच वाचता येत नाही आणि उद्या परत वेगळे करताना प्रत्येकाचं मूळ नाव शोधत बसावं लागतं. एकत्र बघायचं असेल तर ते व्ह्यूअरमध्ये करता येतं, पुढे सांगतो.

कंट्रोल दाबून चारपाच कंपोनंट एकदम निवडता येतात आणि साइज एकदाच टाकता येते. सगळेच निवडून सगळ्यांना ५० एमबी देणारे लोक पण असतात, करायला हरकत नाही पण आधी डिस्कचा हिशोब करा, समजा साठ कंपोनंट आहेत आणि प्रत्येकाची चालू फाइल अधिक एक जुनी अशा दोन फाइल धरल्या तर ५० एमबीने ६००० एमबी झाले. डी ड्राइव्हवर तेवढी जागा आहे का ते बघा, आणि लॉग सी ड्राइव्हवर असतील तर अजूनच जपून, कारण सी भरला की ट्रेसिंग राहतं बाजूला आणि सर्व्हरच झोपतो.

माझं मत विचाराल तर चांगल्या साइटवर काही कंपोनंटची साइज कायमचीच वाढवून ठेवावी, प्रॉब्लेम यायची वाट बघूच नये. डिस्ट्रिब्युशन मॅनेजर, पॅकेज ट्रान्सफर मॅनेजर, हायरार्की मॅनेजर, डब्ल्यूसस सिंक मॅनेजर, कलेक्शन इव्हॅल्युएटर, पॉलिसी प्रोव्हायडर, इन्व्हेंटरी डेटा लोडर आणि एसएमएस प्रोव्हायडर, एवढ्यांना २० एमबी दिले तरी डिस्कला काही फरक पडत नाही आणि सोमवारी सकाळी शुक्रवार रात्रीचा लॉग हातात असतो. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि याच्यासाठी कुठल्या चेंज रिक्वेस्टवर महिनाभर थांबावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आता लेव्हल, म्हणजे रजिस्ट्री

रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी ती की एक्सपोर्ट करून घ्या, राइट क्लिक, एक्सपोर्ट, तारीख घालून फाइल सेव्ह. हे नेहमीचं वाक्य म्हणून सांगत नाहीये, परत मूळ जागी यायला हीच फाइल लागणार आहे.

साइट सर्व्हरवर जागा ही: एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\एसएमएस\ट्रेसिंग. याच्याखाली प्रत्येक कंपोनंटची वेगळी सब-की असते, उदाहरणार्थ एसएमएस डिस्ट्रिब्युशन मॅनेजर, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो. प्रत्येकात साधारण याच व्हॅल्यू दिसतील: एनेबल्ड, लॉगिंग लेव्हल, लॉग मॅक्स हिस्टरी, मॅक्स फाइल साइज, ट्रेस फाइलनेम आणि डीबग लॉगिंग. मॅक्स फाइल साइज इथे बाइट्समध्ये आहे, सर्व्हिस मॅनेजरमध्ये तुम्ही जे एमबी टाकता तेच इथे बाइट्स होऊन बसतं, म्हणून ते इथून नाही बदललं तरी चालतं.

लॉगिंग लेव्हलचा आकडा उलटा आहे, हे लक्षात ठेवा. ० म्हणजे सगळ्यात जास्त बोलका, व्हर्बोज. १ म्हणजे नेहमीचं. २ म्हणजे फक्त वॉर्निंग आणि एरर, ३ म्हणजे फक्त एरर. बरेच जण मोठा आकडा म्हणजे जास्त माहिती समजून ३ टाकतात आणि मग लॉग रिकामा का येतोय म्हणून विचारत बसतात. व्हर्बोज हवं तर ० आणि डीबग लॉगिंग १. लॉग मॅक्स हिस्टरी म्हणजे जुन्या किती फाइल ठेवायच्या, १ च्या जागी मोठा आकडा टाकला की इतिहास लांबतो, पण परत तोच डिस्कचा हिशोब.

बदल केल्यावर लॉगमध्ये फरक दिसतोय का ते लगेच बघा. नाही दिसला तर पूर्ण एसएमएस एक्झिक्युटिव्ह रिस्टार्ट करू नका, तो सगळ्या साइटचा गाडा ओढतो आणि भर दिवसा बंद केला की इनबॉक्समध्ये (कंपोनंटकडे कामाच्या फायली येतात तो फोल्डर) फायलींचा ढीग साचतो. सर्व्हिस मॅनेजरमध्येच त्या एका कंपोनंटवर राइट क्लिक करून आधी क्वेरी (म्हणजे चालू आहे का ते विचारणं), मग स्टॉप, परत क्वेरी करून थांबला का बघा, मग स्टार्ट. आधी क्वेरी केल्याशिवाय स्टॉप स्टार्ट नीट चालत नाही, यात खूप लोक अडकतात.

एसक्यूएल ट्रेसिंग

वर सांगितलेल्या ट्रेसिंग की मध्येच, कुठल्याही कंपोनंटच्या आत नाही तर वरच्या पातळीवर, एसक्यूएल एनेबल्ड नावाची डीवर्ड (आकड्याची) व्हॅल्यू असते. ती १ केली की सर्व्हर कंपोनंट डेटाबेसला जी जी क्वेरी मारतात ती त्यांच्या त्यांच्या लॉगमध्ये उमटायला लागते, ओळीच्या सुरुवातीला एसक्यूएल आणि बाणाच्या खुणा. एखादं कलेक्शन अपडेट व्हायला इतका वेळ का घेतंय, किंवा हायरार्की मॅनेजर कुठल्या स्टोअर्ड प्रोसिजरवर अडकतोय हे बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण ही व्हॅल्यू सगळ्यांनाच लागू होते, एका कंपोनंटपुरती नाही, आणि लॉग अक्षरशः धो धो वाहायला लागतात. म्हणून याची पद्धत ठरलेली असावी: ज्या कंपोनंटकडे बघायचंय त्याची साइज आधीच ५० किंवा १०० एमबी केलेली, प्रॉब्लेम रिप्रोड्यूस करायची तयारी झालेली, व्हॅल्यू १ करा, प्रॉब्लेम घडवा, लॉग दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, व्हॅल्यू लगेच ०. दुपारी ऑन केलं आणि उद्या बघू असं नाही करायचं.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते, कन्सोलमधून तुम्ही जे क्लिक करता त्याच्या मागे कुठली क्वेरी जाते हे बघायचं असेल तर एसक्यूएल ट्रेसिंगची गरजच नाही. एसएमएस प्रोव्हायडरचा लॉग उघडा, त्यात एक्झिक्यूट डब्ल्यूक्यूएल (कन्सोलने मारलेली क्वेरी) आणि त्याच्याखाली एक्झिक्यूट एसक्यूएल अशा ओळी आपोआप येतात. कन्सोलमध्ये एखादा नोड उघडायला वेळ लागतोय, किंवा पॉवरशेल स्क्रिप्टसाठी कुठला क्लास वापरायचा ते शोधायचंय, दोन्हीला हा लॉग पुरतो. फक्त हा लॉग वेगात फिरतो म्हणून याची साइज वाढवलेली हवी.

हायरार्की असेल, म्हणजे वर सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन साइट आणि खाली प्रायमरी, तर रेप्लिकेशनचं (साइट-साइटमधली डेटाची देवाणघेवाण) लॉगिंग वेगळ्या ठिकाणी आहे. एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\एसएमएस\कंपोनंट्स खाली रेप्लिकेशन कॉन्फिगरेशन मॉनिटर, त्यात व्हर्बोज लॉगिंग. आणि इथे आकडा सरळ आहे, ० कमी आणि २ सगळ्यात जास्त, वरच्या लॉगिंग लेव्हलच्या बरोबर उलट, त्यामुळे गोंधळ करू नका. तो लॉग आरसीएम कंट्रोलचा. त्याच्या जोडीला डेटाबेसमध्ये व्ही-लॉग्ज नावाचा व्ह्यू असतो तो पण बघा, रेप्लिकेशनच्या बऱ्याच गोष्टी फाइलमध्ये नसतात, तिथे असतात.

उदाहरण घेऊन बघू

पॅकेज दूरच्या डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर जात नाहीये, हेच घेऊ. कन्सोलमध्ये तुम्ही डिस्ट्रिब्यूट दाबलं की डेटाबेसमध्ये नोंद होते, डेटाबेस नोटिफिकेशन मॉनिटर ती नोंद बघून डिस्टमॅनेजरच्या इनबॉक्समध्ये छोटी फाइल टाकतो, डिस्टमॅनेजर सोर्स वाचून कंटेंट लायब्ररीत (पॅकेजच्या फायलींचा साठा) घेतो, मग पॅकेज ट्रान्सफर मॅनेजर ते दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि तिथे डीपी प्रोव्हायडर ते स्वीकारून तिथल्या कंटेंट लायब्ररीत बसवतो. चार जण आहेत आणि चौघांचे चार लॉग. ट्रेसिंग चौघांवर लावायची गरज नाही, आधी साध्या लॉगमध्ये पॅकेज आयडी शोधायचा, तो आठ अक्षरांचा असतो, पहिली तीन साइट कोडची, आणि बघायचं की आयडी कुठल्या लॉगपर्यंत पोचलाय आणि कुठे दिसेनासा झालाय. जिथे दिसेनासा होतो त्याच्यावर आणि त्याच्या आधीच्यावर व्हर्बोज लावा.

पॅकेज ट्रान्सफर मॅनेजरमध्ये ०एक्स८००७०००५ दिसला तर तो ॲक्सेस डिनाइड, बहुतेक वेळा साइट सर्व्हरचा कॉम्प्युटर अकाउंट त्या दूरच्या मशिनच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटर ग्रुपमध्ये नसतो, किंवा होता आणि कुठल्या तरी ग्रुप पॉलिसीने काढून टाकला. ०एक्स८००७०६बीए असेल तर आरपीसी सर्व्हर मिळत नाहीये, म्हणजे फायरवॉल, १३५ आणि ४४५ पोर्ट बघा. हे दोन एरर ओळखायला व्हर्बोज लागतच नाही. व्हर्बोज लागतं ते जेव्हा एरर काहीच नाही आणि तरीही काम पुढे सरकत नाही तेव्हा, कारण मग तुम्हाला एरर शोधायचा नसतो, शेवटचं काय नीट झालं ते शोधायचं असतं.

क्लायंटवरचं ट्रेसिंग

क्लायंटवर की वेगळी: एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\सीसीएम\लॉगिंग, त्यात ॲट-ग्लोबल नावाची सब-की. लॉग लेव्हल, लॉग मॅक्स साइज आणि लॉग मॅक्स हिस्टरी. लेव्हलचे आकडे सर्व्हरसारखेच, ० व्हर्बोज, १ डिफॉल्ट. साइज बाय डिफॉल्ट २५०००० बाइट्स म्हणजे जेमतेम पाव एमबी, आणि हिस्टरी १. व्हर्बोज मध्ये ही पाव एमबी किती टिकणार. साइज ५० लाख बाइट्स आणि हिस्टरी ३ किंवा ४ करा, मग लेव्हल. व्हॅल्यू बदलताना ॲक्सेस डिनाइड आला तर त्या की च्या परमिशन्समध्ये ॲडमिनिस्ट्रेटरला अधिकार आहेत का ते बघा.

डीबग लॉगिंगसाठी लॉगिंगच्याच खाली डीबग लॉगिंग नावाची सब-की लागते, नसेल तर बनवा, आणि त्यात एनेबल्ड नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू, डीवर्ड नाही, तिच्यात ट्रू हा शब्द. इथे १ टाकून चालत नाही. मग एसएमएस एजंट होस्ट सर्व्हिस रिस्टार्ट.

पण एवढं सगळं हाताने करायची आता बहुतेक वेळा गरज राहिलेली नाही. नवीन व्हर्जनमध्ये कन्सोलमधूनच ॲसेट्स अँड कम्प्लायन्स, डिव्हाइसेस, मशिन निवडा, क्लायंट डायग्नॉस्टिक्स, त्यात एनेबल व्हर्बोज लॉगिंग, डिसेबल व्हर्बोज लॉगिंग आणि कलेक्ट क्लायंट लॉग्ज. पहिल्याने लेव्हल आणि डीबग दोन्ही ऑन होतात, तिसऱ्याने सगळे लॉग झिप होऊन तुमच्याकडे येतात, ते रिसोर्स एक्सप्लोररमध्ये डायग्नॉस्टिक फाइल्सखाली दिसतात. झिप १०० एमबीच्या आत असावी लागते. घरून काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर रिमोट घेऊन रजिस्ट्री उघडत बसायचं, त्याचा वेळ खायचा, हे सगळं याने वाचतं. फक्त क्लायंट ऑनलाइन पाहिजे, आणि मुळात क्लायंटचं मॅनेजमेंट पॉइंटशीच बोलणं बंद असेल तर हा रस्ता बंद, मग रजिस्ट्रीच.

नवीन मशिन लावतानाच साइज ठरवून ठेवता येते हे फार कमी लोक वापरतात. सीसीएम सेटअपला (क्लायंट इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) सीसीएम-लॉग-मॅक्स-साइज, सीसीएम-लॉग-मॅक्स-हिस्टरी आणि सीसीएम-लॉग-लेव्हल अशा प्रॉपर्टी देता येतात, नावं सलग कॅपिटलमध्ये, मध्ये काही नाही. लेव्हल १ च ठेवा, साइज मात्र मोठी द्या. क्लायंट पुशच्या (सर्व्हरवरून मशिनवर क्लायंट लावणं) सेटिंगमध्ये एकदा घालून ठेवलं की पुढच्या प्रत्येक मशिनचा इतिहास आपोआप लांब राहतो.

ॲप्लिकेशन इन्स्टॉल झालं नाही तर पॉलिसी एजंट, ॲप इंटेंट इव्हॅल, ॲप डिस्कव्हरी, कंटेंटसाठी सीएएस (कंटेंट ॲक्सेस सर्व्हिस) आणि डेटा ट्रान्सफर सर्व्हिस, शेवटी ॲप एन्फोर्स, हे क्लायंटचे लॉग या क्रमाने बघा. ०एक्स८७डी००३२४ दिसला तर इन्स्टॉलर बिचारा यशस्वी झालेला असतो, पण डिटेक्शन रूलला (ॲप लागलंय का ते तपासणारा नियम) ते ॲप सापडत नाही, तेव्हा इन्स्टॉलरच्या मागे लागू नका, रूल बघा. अपडेटसाठी डब्ल्यूयूए हँडलर आणि अपडेट्स डिप्लॉयमेंट हे लॉग.

मॅनेजमेंट पॉइंटवर पण हीच सीसीएमची लॉगिंग की चालते, कारण तो त्याच पायावर उभा आहे. तिथे मात्र व्हर्बोज जपून, हजारो क्लायंट एकाच वेळी बोलत असतात, शक्यतो मॅनेजमेंट पॉइंट एकापेक्षा जास्त असतील तर एकावरच लावा.

टास्क सिक्वेन्स आणि कन्सोल, थोडक्यात

टास्क सिक्वेन्सचा (मशिनवर विंडोज वगैरे लावायच्या ठरवलेल्या पायऱ्या) एसएमएसटीएस लॉग जागा बदलत फिरतो. विनपीईमध्ये (इन्स्टॉलच्या वेळी चालणारं छोटं विंडोज) डिस्क तयार व्हायच्या आधी एक्स ड्राइव्हच्या विंडोज\टेम्प मध्ये, डिस्क फॉरमॅट झाल्यावर सी ड्राइव्हवरच्या अंडरस्कोर-एसएमएस-टास्क-सिक्वेन्स फोल्डरमध्ये, आणि क्लायंट लागल्यावर सीसीएमच्या लॉग्जमध्ये. व्हर्बोजसाठी बूट इमेजच्या विंडोज फोल्डरमध्ये एसएमएसटीएस डॉट आयएनआय फाइल टाकायची, त्यात लॉगिंग या सेक्शनखाली लेव्हल, साइज, हिस्टरी. बूट इमेजमध्ये कमांड सपोर्ट ऑन असेल तर एफ८ दाबून लगेच बघता येतो, पण प्रॉडक्शनच्या बूट इमेजमध्ये एफ८ कायम ऑन ठेवणं बरोबर नाही, कोणीही मशिनसमोर बसून सिस्टमच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडू शकतो.

कन्सोलच क्रॅश होत असेल तर ॲडमिन कन्सोलच्या बिन फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट डॉट कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डॉट ईएक्सई डॉट कॉन्फिग ही फाइल आहे, त्यात स्विच व्हॅल्यू एरर लिहिलेलं असतं तिथे व्हर्बोज करा, कन्सोल बंद करून परत उघडा. लॉग ॲडमिन यूआय लॉग फोल्डरमध्ये.

वेळ जुळवणं

हे आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण हिंजवडी, खराडी, एअरोलीला बसून अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या सर्व्हरचे लॉग वाचणारे खूप जण आहेत आणि अर्धा वेळ वेळेच्या घोळात जातो. कॉन्फिगरेशन मॅनेजरचा लॉग त्या मशिनच्या लोकल वेळेत लिहिला जातो. सीएमट्रेसमध्ये (लॉग वाचायचं टूल) वेळ नुसतीच दिसते, पण तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा, वेळेच्या शेवटी वजा ३३० किंवा अधिक ३०० असा आकडा दिसेल. ती मिनिटं आहेत, लोकल वेळेत मिळवली की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मिळतो. भारतातलं मशिन असेल तर वजा ३३०, म्हणजे साडेपाच तास वजा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात अधिक ३०० आणि उन्हाळ्यात अधिक २४०. तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी.

आणि आयआयएसचे (विंडोजचा वेब सर्व्हर) लॉग, जे मॅनेजमेंट पॉइंट आणि डिस्ट्रिब्युशन पॉइंटच्या प्रॉब्लेमला लागतातच, ते यूटीसीमध्ये असतात. म्हणजे पुण्यातल्या क्लायंटच्या लॉगमध्ये ९:४० ला रिक्वेस्ट गेली तर आयआयएसमध्ये ती ४:१० ला शोधायची. तिथे ९:४० शोधून रिक्वेस्ट पोचलीच नाही असा निष्कर्ष काढला की मग नेटवर्कवाल्यांना उगाच तीन दिवस कामाला लावलं जातं.

वाचायला काय वापरायचं

सीएमट्रेस साइट सर्व्हरच्या टूल्स फोल्डरमध्ये असतो आणि व्हर्जन १८०६ पासून क्लायंटसोबत प्रत्येक मशिनवर आपोआप येतो, सीसीएम फोल्डरमध्ये. एरर लाल, वॉर्निंग पिवळी. फाइल उघडायच्या खिडकीत दोनतीन लॉग निवडून मर्जला टिक केलं की वेळेनुसार एकत्र दिसतात, मघाशी एकच फाइल नको म्हणालो त्याचं कारण हेच. कंट्रोल एल दाबून एरर कोडचा अर्थ कळतो. लाल दिसलं म्हणजे चूकच असं समजू नका, ओळीत एरर हा शब्द आहे म्हणून पण लाल होतं, एरर शून्य आला असं लिहिलेल्या ओळीसुद्धा लाल होतात.

व्हर्बोज लॉगमध्ये मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो थ्रेडचा कॉलम. एकाच लॉगमध्ये पाचसहा थ्रेड एकमेकांच्या मध्ये मध्ये लिहितात, तुमच्या पॅकेज आयडीच्या ओळीचा थ्रेड नंबर बघा आणि फिल्टरमध्ये तो नंबर टाका, बाकीचा गोंगाट एकदम गप्प होतो आणि एकाच कामाची ओळीमागून ओळ गोष्ट दिसायला लागते. सपोर्ट सेंटर आणि वनट्रेस पण आहेत, वनट्रेसमध्ये फाइलचे ग्रुप बनवता येतात, मोठ्या मर्जला तो बरा.

बंद करणं

काम झालं की ज्या क्रमाने लावलं त्याच्या उलट क्रमाने काढा. एसक्यूएल एनेबल्ड ० करा, डीबग लॉगिंग ०, लॉगिंग लेव्हल १, क्लायंटवर पण तसंच, आणि एजंट होस्ट रिस्टार्ट. एक्सपोर्ट केलेल्या फाइलशी पडताळून बघा. साइज मात्र वाढलेली राहू दिली तरी चालते. कुठल्या मशिनवर काय ऑन केलं, कधी, आणि कोण बंद करणार हे टिकिटमध्येच लिहून ठेवा, कारण शिफ्ट बदलली की पुढच्याला माहीत नसतं आणि मग सहा महिन्यांनी मॅनेजमेंट पॉइंटची डिस्क का भरतेय म्हणून नवीन टिकिट उघडतं.

लॉग बाहेर कुणाला पाठवायचे असतील, व्हेंडरला किंवा दुसऱ्या टीमला, तर व्हर्बोजमध्ये यूजरनेम, सर्व्हरची नावं, शेअरचे पाथ, कमांड लाइन सगळं उघडं असतं. एखाद्याने इन्स्टॉल कमांडमध्येच पासवर्ड घातला असेल तर ॲप एन्फोर्समध्ये तो पण दिसतो. पाठवायच्या आधी एकदा शोधून बघा. आणि पाठवताना नुसती शेवटची लाल ओळ कापून पाठवू नका, पूर्ण फाइल, तिची जुनी एल-ओ-अंडरस्कोर वाली फाइल, प्रॉब्लेम घडवला ती अचूक वेळ टाइमझोनसकट, आणि पॅकेज किंवा डिप्लॉयमेंटचा आयडी, एवढं द्या, म्हणजे समोरच्याला पहिल्याच मेलमध्ये काम सुरू करता येतं.